सोसायटीतल्या मोफत बीपी शिबिरात दोन रीडिंग दाखवून कसं फसवतात

ठाण्यात घोडबंदर रोड असो की नवी मुंबईत नेरुळ, या फसवणुकीचा साचा एकच. नोटीस बोर्डावर कागद लागतो, कमिटी क्लबहाउस उघडून देते, पांढरा कोट घातलेला माणूस बीपी मोजतो: 168/98. मग चमचाभर चूर्ण, पंधरा मिनिटं खुर्चीत बसवणं आणि पुन्हा मोजल्यावर 142/86. तीन महिन्यांच्या कोर्सचे काही हजार रुपये लोक तिथल्या तिथे देऊन टाकतात.

यात मशीन बिघडवावं लागत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. पहिलं रीडिंग जिना चढून आलेल्या, रांगेत गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाचं घेतात. कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) शर्टाच्या बाहीवरून, तोही दंडाच्या मानाने लहान, आणि हात खाली लोंबणारा. प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते. हात हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटिमीटर खाली असला, तरी तेवढ्यानेच 7-8 ची वाढ दिसते. दुसऱ्या वेळी माणूस निवांत बसलेला असतो आणि हात टेबलावर. काहीच दिलं नसतं, तरी आकडा उतरलाच असता.

मोजायचं कसं? अर्धा तास आधी चहा, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. उघड्या दंडावर मापाचा कफ, हात छातीच्या पातळीवर टेकलेला, बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरायची.

पैसे गेले ते गेले, पण खरा घात चूर्ण विकणाऱ्याच्या पुढच्या वाक्यात आहे: "इंग्रजी गोळ्या किडनी खराब करतात, आजपासून बंद करा." अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर तिसऱ्या दिवशीही बीपी बरंच ताब्यात दिसतं आणि श्रेय चूर्णाला जातं. पुढच्या आठवड्यात ते चढतं, बहुतेकदा काहीही त्रास न जाणवता. उलट दीर्घकाळ नियंत्रणात नसलेलं बीपीच किडनी निकामी करतं.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही नाडी मंद ठेवणारी बीपीची औषधं एकदम थांबवली तर नाडी वेगाने वाढून छातीत दुखणं, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. क्लोनिडिन हे बीपीचं दुसरं औषध सोडलं की एक-दोन दिवसांतच बीपी आधीपेक्षाही वर उसळू शकतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेल्याने क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. अशा घरांत तरी हे वाक्य कृपा करून कुणी मनावर घेऊ नका.

"आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हेही खरं नाही. सर्पगंधा ही वनस्पती बीपी खरोखर उतरवते, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. पण तिच्यातल्या रिसर्पिनने नाडी मंदावते, मन खिन्न होतं. मेटोप्रोलॉल चालू असताना नकळत ती पोटात गेली, तर नाडी धोकादायक इतकी कमी होऊ शकते. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम घटून बीपी उलट वाढतं. पुडीवर घटक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत यांतलं काही नसेल तर आत काय आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

औषधाने उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार बरा होतो, अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. कमिटीने हॉल देण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागावा आणि शिबिरात विक्री होणार नाही, असं लिहून घ्यावं.

गोळ्या बंद झाल्या असतील तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा. राहिलेले डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नका. छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला तर 108. उरलेली पुडी फेकू नका. पत्रक, पावती किंवा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट तिच्यासोबत ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.