टॅरोची रोजनिशी: कोणता डेक घ्यावा, रोज एक पत्ता काढावा की आठवड्याला तीन?

टॅरोचे पत्ते, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते, समोर ठेवून रोजनिशी लिहायची असं ठरवलं, की डेक (पत्त्यांचा संच) निवडतानाच गाडी अडते. शेकडो डेक मिळतात आणि खोक्यावरची वर्णनं जवळपास सारखीच असतात. लिहिणाऱ्याची गरज मात्र भविष्य विचारणाऱ्यापेक्षा वेगळी आहे. पत्त्याने तिढा सोडवून द्यावा अशी त्याची अपेक्षा नसते, पेन चालू लागलं की त्याचं काम झालं. म्हणून इथे सगळ्या डेकना एकच कसोटी लावली आहे: पत्ता समोर ठेवल्यावर दहा मिनिटांत तुमच्या स्वतःच्या शब्दांत किती उतरतं?

घरात कुणाला ‘हे काय आणलंस’ असं वाटत असेल, तर एवढं सांगता येईल की हे पत्ते मुळात खेळायचे. १५व्या शतकात उत्तर इटलीत ते खेळले जात, आणि त्यांना गूढ अर्थ चिकटले ते १८व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये.

एकच पत्ता, तीन डेक

प्रत्येक पारंपरिक डेकमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मेजर अर्काना (मुख्य पत्ते), उरलेले ५६ मायनर (दुय्यम). मायनरचे चार गट: कप्स (प्याले), सोर्ड्स (तलवारी), वाँड्स (काठ्या) आणि पेंटॅकल्स (नाणी), प्रत्येकी १४. मेजर पत्त्यांवर सगळीकडेच माणसं आणि प्रसंग आहेत, त्यामुळे डेकमधला खरा फरक मायनरमध्ये कळतो. ‘फाइव्ह ऑफ कप्स’ हा एकच पत्ता रायडर-वेट-स्मिथ, मार्सेय आणि थॉथ या तीन डेकमधून काढून शेजारी शेजारी ठेवा.

रायडर-वेट-स्मिथ डेकमध्ये काळा झगा पांघरलेलं कुणीतरी मान खाली घालून उभं आहे. पुढ्यात तीन प्याले आडवे पडून सांडलेत. पाठीमागे दोन प्याले उभे आहेत. पलीकडे नदी, तिच्यावर पूल, आणि पैलतीरावर लहानसा गड. चेहरा नीट दिसत नाही, त्यामुळे ते दुःख कसलं हे चित्र सांगत नाही. लिहिणारा मग विचारू लागतो: मागचे दोन प्याले याला दिसलेच नाहीत, की बघायचे नाहीत? पूल तर जवळच आहे, मग हा हलत का नाही? आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला ‘हा’ जाऊन ‘मी’ कधी आला हे कळतही नाही. रोजनिशीला हवं असतं ते एवढंच.

मार्सेय डेकमध्ये याच पत्त्यावर पाच प्याले आहेत. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, भोवती पानंफुलं. बस. वाँड्स आणि सोर्ड्समध्ये तर सहा आहेत की आठ हे मोजूनच कळतं. लाकडी ठशांची ही जुनी धाटणी आहे, पत्ते बनवणाऱ्या निकोला कोनव्हेरचा १७६०चा डेक तिचा प्रसिद्ध नमुना. रेषा अतिशय देखण्या आहेत, पण नवशिक्याला ५६पैकी ४० पत्त्यांवर बघायला प्रसंगच मिळत नाही. तो पुस्तक उघडतो, त्यातला अर्थ वहीत उतरवतो, आणि रोजनिशीची नोट्सची वही होते. ज्यांना आकड्यांवरून किंवा आकारांवरून सुचतं, त्यांना मात्र हा डेक मोकळं रान देतो. सलग वर्षभर लिहून झाल्यावर याच्याकडे वळणं जास्त फळतं.

थॉथ डेक इंग्रज गूढविद्यावादी ॲलिस्टर क्रॉली यांच्या संकल्पनेवर लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवला, आणि तो पत्त्यांच्या रूपात आला १९६९ साली, दोघांच्याही मृत्यूनंतर. रंगांच्या दृष्टीने तिघांत हाच श्रीमंत. अडचण पत्त्याच्या तळाशी आहे. फाइव्ह ऑफ कप्सवर इंग्रजीत ‘निराशा’ या अर्थाचा शब्दच छापलेला आहे. थ्री ऑफ सोर्ड्सवर ‘शोक’, टेन ऑफ सोर्ड्सवर ‘विनाश’. एकदा तो शब्द वाचला की नजर चित्रावर फिरतच नाही. हाच डेक आवडला असेल तर पत्त्याच्या खालच्या पट्टीवर कागदाची चिंधी ठेवून लिहावं. अंगच्या गुणांनी हा डेक अभ्यासाचा आहे, रोज सकाळच्या पंधरा मिनिटांचा नाही.

ओरॅकल कार्ड्सनाही (टॅरोच्या चौकटीबाहेरचे पत्ते) याच कारणाने मागे ठेवावं लागतं. त्यांत पत्त्यांची संख्या ठरलेली नसते आणि बहुतेकांवर संदेश तयार छापलेला असतो. चार दिवस बरं वाटतं, पण लिहिण्याचं काम पत्त्यानेच करून टाकलेलं असतं.

महाराष्ट्रात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (जुना पत्त्यांचा खेळ) आहे आणि ती वापरावी असा मोह साहजिक आहे. दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते. पण राजा आणि प्रधान असे २० पत्ते सोडले तर बाकी शंभरांवर चिन्हांची संख्याच आहे. म्हणजे मार्सेयची अडचण इथेही येते. वीस चित्रांवर वीस दिवस लिहायचं असेल तर मात्र ती सुंदर आहे.

म्हणून पहिला डेक रायडर-वेट-स्मिथ, यात फार घोळ घालू नये. तो १९०९च्या डिसेंबरात लंडनमध्ये निघाला. संकल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पॅमेला कोलमन स्मिथ यांची. डेकच्या नावात स्मिथ यांचं आडनाव फार उशिरा आलं, खरं तर लिहिणाऱ्याला जे मिळतं ते त्यांच्याच हातचं आहे. त्या १९५१ साली गेल्या. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे १९०९ची मूळ चित्रं लहान आकारात छापून वहीत चिकटवायला हरकत नाही. पुढे कुणी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांना हे लागू नाही.

रोज एक, की आठवड्याला तीन?

रोज एक पत्ता काढायचा तर आधी ठरवा: काढलेला पत्ता परत डेकमध्ये टाकायचा की बाजूला ठेवायचा. परत टाकून पिसलं, तर अकराव्या दिवसापर्यंत एखादा पत्ता दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. महिनाभरात पुनरावृत्ती जवळपास ठरलेलीच. हे साधं गणित आहे, पण ठाऊक नसलं की माणूस ‘हाच पत्ता पुन्हा का’ यात अडकतो आणि त्या दिवसाचं लिहिणं राहून जातं. बाजूला ठेवलात तर ७८ दिवसांत सगळा डेक एकदा पूर्ण होतो, नावडते पत्तेही टाळता येत नाहीत. पहिल्या फेरीला हीच पद्धत धरा.

आठवड्याला तीन काढले, तर बाजूला ठेवण्याच्या पद्धतीने बरोबर २६ आठवडे लागतात, म्हणजे अर्धं वर्ष. नोकरी, लहान मूल किंवा परीक्षा असलेल्यांना हे झेपतं. मात्र भूत, वर्तमान, भविष्य अशा जागा ठेवू नका, कारण तिसऱ्या पत्त्याशी अंदाज बांधणं सुरू होतं. त्याऐवजी: काय चाललंय, मी त्यात काय करतोय किंवा करतेय, आणि काय टाळतोय. तिसऱ्या जागेवर सगळ्यात जास्त लिहून होतं असा अनुभव येईल. तोटा एवढाच, की रविवार हुकला की पंधरा दिवसांची फट पडते.

पत्ते उलथे ठेवून काढणं पटत नसेल त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे: सगळे पत्ते चित्र वर करून पसरायचे आणि आजच्या मनासारखा एक उचलायचा. यात दैवाचा भाग उरत नाही. पण माणूस उचलतो तो ओळखीचाच पत्ता, आणि लिहितो तेही आधीच ठाऊक असलेलं. न बघता काढलेला पत्ता जो विषय पुढ्यात आणून ठेवतो तो आपण होऊन निवडला नसता. दोन आठवडे निवडून, मग न बघता, असा क्रम सोपा जातो.

उलटे पत्ते पहिल्या फेरीत वगळा, सगळे सुलटे लावून घ्या. डोक्यावर उभ्या चित्रात बघण्यासारखं काही सापडत नाही आणि हात पुस्तकाकडे जातो.

पान कसं भरायचं

पत्ता काढण्याआधी दोन मिनिटं: आत्ता डोक्यात काय आहे ते एका ओळीत. मग पत्ता काढून तीन मिनिटं फक्त वर्णन, पाच ओळी, डोळ्यांना दिसतं तेवढंच. ‘उदास माणूस’ असं लिहिलं तर तो अर्थ झाला. ‘मान खाली, काळा झगा’ हे वर्णन. मग दहा मिनिटं एकच प्रश्न: यातला मी कोण? किंवा: या चित्रात काय हलवावंसं वाटतं? शेवटी उद्यासाठी एक ओळ. पत्त्याचं नाव लिहा, नुसता आकडा नको. मेजर पत्त्यांपैकी रायडर-वेटमध्ये ‘स्ट्रेंग्थ’ आठवा आणि ‘जस्टिस’ अकरावा, मार्सेयमध्ये नेमकं उलट. पुढे डेक बदलला की आकड्यांचा गोंधळ होतो.

समोरचं पान कोरं सोडा. महिन्याने वेगळ्या शाईने तिथे परत लिहायचं. एका पत्त्याला दोन पानं धरली तर ७८ पत्त्यांना १५६ लागतात, दोनशेपानी एकरेघी वही पुरते. फोनवर लिहिलं तर शोधणं सोपं, पण बऱ्याच ॲपमध्ये पत्त्याखाली लगेच अर्थ येतो आणि तिथेच घात होतो.

कारण अर्थ आधी वाचला तर तो पटतोच. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनाचा एकच मजकूर ‘खास तुमचा’ म्हणून दिला, आणि त्यांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. टॅरोच्या पुस्तकातली वाक्यंही तशीच मोघम असतात. पुस्तक उघडायचं तर आपलं लिहून झाल्यावर.

बाकी चुका ठरलेल्या आहेत. ‘होईल का’ असा प्रश्न विचारला की पानावर दोन ओळीही होत नाहीत. आवडला नाही म्हणून दुसरा पत्ता काढला, तर पहिल्याबद्दल का लिहावंसं वाटलं नाही हेच आधी लिहा. ‘तिच्या मनात काय आहे’ यासाठी पत्ता काढला की रोजनिशी दुसऱ्याची होते. आणि फक्त वाईट दिवशी वही उघडली, तर तीन महिन्यांनी चाळताना सगळं आयुष्यच वाईट भासतं. लिहून झाल्यावर दर वेळी मन आणखी जड होत असेल, एकच गोष्ट गोल गोल फिरत असेल, तर पत्ते बंद करून समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

पिसण्याचं म्हणाल तर हातातल्या हातात पिसल्याने गठ्ठे तसेच राहतात, आणि हे पत्ते मोठे असल्यामुळे (सुमारे ७० × १२० मिलिमीटर) नेहमीच्या कॅटसारखे एकमेकांत घुसवता येत नाहीत. चादरीवर उलथे पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर घोळावेत. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ते दमट होऊन वाकतात, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. वाकलेच तर दोन-तीन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवा, उन्हात नको.

ऑनलाइन घेताना नकली डेकची खूण म्हणजे पातळ पत्ते, फिकट रंग आणि पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड. खोकं उघडलं की लिहायला बसण्याआधी पत्ते मोजून घ्या: २२ मेजर, आणि चारही गटांत १४-१४. थॉथच्या काही आवृत्त्यांत मेगसचे (मेजरमधला जादूगार) तीन पत्ते येतात आणि एकूण ८० होतात. त्यातला आवडणारा एक ठेवून दोन काढून टाका, नाहीतर ७८ दिवसांचा हिशोब जुळणार नाही.