तारणाच्या इतिहासाचा १० फुटी कालपट : अभ्यासवर्गासाठी घ्यावा का?

आदामापासून नव्या यरुशलेमेपर्यंतचा इतिहास एका रेषेवर दाखवणारा हा १० बाय ३ फुटांचा फ्लेक्स मंडळीच्या सभागृहात लावण्यासाठी आहे. अक्षर ठळक आहे, मागच्या सतरंजीवरूनही वाचता येतं. अब्राहामाचं पाचारण, निर्गम, दावीद, बाबेलचा बंदिवास हा भाग उत्तम जमलाय. करारामागून करार कसा पुढे सरकतो ते मुलांना बोट ठेवून दाखवता येतं.

खरी अडचण जागेच्या वाटपाची. जुन्या कराराला ५ फूट, शेवटच्या काळाला ३ फूट आणि क्रूस-पुनरुत्थानाला जेमतेम एक वीत! मंडळीची दोन हजार वर्षं उरलेल्या सव्वा फुटात कोंबलीत. ख्रिस्ती विश्वासात इतिहासाचा अर्थ ख्रिस्तात उघड झालाय, शेवट त्याच विजयाची पूर्तता आहे. ऑस्कर कुलमन या फ्रेंच अभ्यासकानं म्हटलं तसं, निर्णायक लढाई जिंकून झालीय, विजयदिन तेवढा यायचाय. हा पट पाहून मूल उलटंच शिकेल. त्यामुळे वर्ग क्रुसापासून सुरू करा, मग मागे जा, मग पुढे.

प्रकटीकरण २० मधली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं पटावर ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतरच दाखवलीत. हे जुनं मत आहे, दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसचंही तेच होतं. पण एकमेव नाही. ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यावर ज्यानं इतिहासाचा सखोल विचार मांडला, त्या ऑगस्टीननं ही हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ मानला. सुवार्तेचा प्रसार होऊन आधी तो काळ येईल आणि मग प्रभू, असं तिसरं मतही आहे. पट हे सांगत नाही, तेव्हा शिक्षकानं सांगायलाच हवं.

दानीएलच्या पुस्तकात राजाला स्वप्नात दिसलेल्या पुतळ्याशेजारी, त्याचे भाग दर्शवतात त्या चारही राज्यांची नावं छापलीत. दुसऱ्या अध्यायात फक्त सोन्याचं मस्तक कोण तेवढं स्पष्ट आहे (२:३८), बाकीची नावं भाष्यकारांची. इ.स.पू. ४००४ हे उत्पत्तीचं सालही शास्त्रातलं नव्हे, सतराव्या शतकातल्या बिशप अशर यांचा हिशेब आहे. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली बरी. येशूच्या वंशावळीतल्या, मत्तय १:१७ च्या १४-१४ पिढ्यांच्या तीन रांगा मुलं हमखास मोजतात आणि तिसऱ्या रांगेत १३ भरतात. बंदिवासाच्या वेळच्या यखन्या राजाचं नाव दुसऱ्या रांगेत मोजलं की असं होतं. उत्तर तयार ठेवा.

टांगणीसाठी वर चारच कड्या आहेत. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यानं खालची बाजू फडफडते, तिथे पीव्हीसी पाइप ओवून घ्या. ट्यूबलाइटसमोर लावला तर चकाकी येऊन मधला भाग दिसत नाही, बाजूच्या भिंतीवर लावा. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा आणि तापणाऱ्या पत्र्याखाली माळ्यावर टाकू नका.