एनपीटीईएलचा पायथन कोर्स + वर्गातला तास : दोन्ही करून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा नुसत्या कोर्सचा रिव्ह्यू नाहीये. हा कोर्स मी दोनदा केला, एकदा घरी एकटीने आणि दुसऱ्यांदा कॉलेजमधल्या तासासोबत, व्हिडिओ तेच, शिकवणारे तेच, मोबाईल पण तोच, तरी दोन वेळांमध्ये एवढा फरक पडला की लिहायलाच हवं असं वाटलं.

कोर्सचं नाव प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स युझिंग पायथन (पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा), शिकवतात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद, ८ आठवड्यांचा. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम, आता हे कोर्स स्वयम या सरकारी पोर्टलवर असतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, व्हिडिओ पण फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, मी भरली तेव्हा १००० रुपये होती. परीक्षा मात्र घरून नाही, सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यावी लागते आणि मला विचाराल तर ते चांगलंच आहे, त्यामुळे त्या सर्टिफिकेटला वजन येतं.

पहिल्या वेळेला कॉलेजने (नाव देत नाही) फक्त नोटीस लावली की सगळ्यांनी कोर्स घ्या, क्रेडिट (म्हणजे डिग्रीत धरले जाणारे गुणांक) मिळतील. बास. टाइमटेबलमध्ये त्यासाठी एक तास नाही, विचारायला कोणी नाही. मी रोज रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ बघायचे, वहीत सगळं उतरवून घ्यायचे आणि बघताना सगळं समजतंय असंच वाटायचं, पण असाइनमेंट उघडली की पहिली ओळ सुचायची नाही. सोडवायची मुदत संपत आली की ग्रुपवर कोणीतरी उत्तरं टाकायचं आणि सगळे तीच भरायचे. मला ते करवेना म्हणून मी पाचव्या आठवड्यात कोर्स सोडला आणि त्याचं मला खरंच फार वाईट वाटलं होतं.

पुढच्या वर्षी एक नवीन सर आले. त्यांनी आठवड्यातून दोन प्रॅक्टिकल मागून घेतले आणि नियम एकच ठेवला, व्हिडिओ घरी बघून यायचे, वर्गात व्हिडिओ लावायचा नाही. वर्गात फक्त सोडवायचं.

पहिल्याच आठवड्यात कोर्समध्ये जीसीडी येतो, युक्लिडची पद्धत. आदल्या वर्षी मी तो भाग नुसता पाठ केला होता. सरांनी फळ्यावर ४८ आणि १८ लिहिलं आणि म्हणाले, अरे हा आपला शाळेतला मसावि आहे, भागाकार करा की. ४८ ला १८ ने भागलं, बाकी १२, मग १८ ला १२ ने, बाकी ६, मग १२ ला ६ ने, बाकी शून्य, म्हणजे मसावि ६. मराठी शाळेतून आलेली आम्ही अर्धी मुलं तेव्हा एकदम सरसावून बसलो. व्हिडिओत देशभरातल्या मुलांसाठी इंग्रजीत बोलावं लागतं, तिथे आमचा मसावि कुठून येणार, तो शब्द समोरच्या माणसानेच द्यायला लागतो.

आणि बॅकट्रॅकिंग, म्हणजे वाट अडली की मागे फिरून दुसरी बघणं! सहाव्या आठवड्यात तो वजिरांचा प्रश्न आहे, बुद्धिबळाच्या पटावर वजीर असे ठेवायचे की कोणी कोणाला मारू शकणार नाही (वजीर आडवा, उभा, तिरका कसाही मारतो). सरांनी लॅबच्या फरशीवर खडूने चार बाय चारचा पट आखला आणि आम्हा चौघांना वजीर म्हणून उभं केलं. एका ओळीत एकच, पहिली मुलगी कोपऱ्यात, दुसरी पुढच्या ओळीत तिसऱ्या घरात, आणि तिसऱ्या ओळीत उभं राहायला जागाच नाही. मग दुसरीने एक घर सरकायचं, परत बघायचं, आता तिसरीला जागा मिळाली पण चौथा अडकला, म्हणजे चूक पार पहिल्या वजिराची. ती कोपरा सोडून दुसऱ्या घरात गेली आणि मग पटापट चौघं बसलो. प्रोग्रॅम मागे फिरतो म्हणजे नक्की काय करतो हे मला त्या दिवशी पायांनी कळलं असं म्हणेन. मग घरी जाऊन तोच व्हिडिओ परत लावला, दोन-तीनदा थांबवून, आणि कोडमधली प्रत्येक ओळ ओळखीची वाटायला लागली. हे परत लावणं वर्गात शक्य नाही, तिथे ऑनलाइनच जिंकतं. आठव्या आठवड्यातलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या प्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवायची पद्धत) तर मी तीन वेळा बघितलंय.

कोणासाठी नाही? ज्यांना व्हिडिओ न बघताच तासाला यायचंय त्यांच्यासाठी नाही, त्यांना वर्गात पण काही कळत नव्हतं. आणि कॉलेजवाल्यांना कळकळीने सांगते, प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावून हजेरी घेणं म्हणजे दोन्हीची सांगड घालणं नाही. यूजीसीच्या (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत आता एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, मग मुलांना तिकडे पाठवताना आठवड्याला दोन तास आणि एक शिक्षक तरी द्या ना.

रेटिंग द्यायचं तर कोर्सला ५ पैकी ५, एकटीने करण्याला २, तासासोबत करण्याला ५. परीक्षा मी कोल्हापूरला दिली, पहाटेची एसटी पकडून गेलो आम्ही सहा जण, गाडीत वहीवर पेनाने पट काढून एकमेकांना प्रश्न विचारत, आणि सहाही जण पास झालो. सध्या ज्युनियर बॅच सुरू झालीय, परवा त्यांच्यासाठी फरशीवरचा पट मी आखून दिला.