पॉवर स्टिअरिंगची गळती शोधणारा अतिनील रंग: वापरानंतरचे परीक्षण

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की थेंब जिथून पडतो तोच भाग दोषी ठरवला जातो, आणि त्यापायी कित्येकदा धडधाकट स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगनुसार चाके वळवणारा भाग) बदलला जातो. वास्तविक तेल नळीवरून ओघळत खाली येते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते, त्यामुळे उगम आणि डाग यांत बरेच अंतर पडू शकते. खरा उगम शोधून देणारा संच, म्हणजे तेलात मिसळून अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाची छोटी बाटली, अतिनील टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा, मी माझ्या जुन्या गाडीवर वापरला आणि तो मला मनापासून उपयुक्त वाटला.

रंग टाकण्यापूर्वी पंप, नळ्या आणि रॅक डिग्रीझरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाने) स्वच्छ धुऊन कोरडे करणे अत्यावश्यक आहे. जुन्या चिकट थरावर कोणताही रंग काही सांगू शकत नाही. रंग तेलात मिसळणारा हवा, कूलंटसाठीचा चालत नाही. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत तो सांगितलेल्या मापाने घालून इंजिन चालू ठेवावे आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. मात्र टोकाला ते दाबून धरू नये, कारण तिथे दाब कमाल होतो आणि पंप तापतो. टॉर्च घेऊन वाकण्याआधी इंजिन बंद करावे. दाबाखालच्या बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार त्वचेतून आत शिरू शकते, म्हणून गळती बोटाने चाचपू नये.

माझ्या गाडीत डाग रॅकखाली होता, पण हिरवट-पिवळी चमक उच्चदाब नळीच्या धातूच्या टोपणापाशी, जिथे रबर आवळलेले असते तिथे, सुरू होत होती. रॅकच्या टोकांचे रबरी बूट, म्हणजे संरक्षक आवरणे, सरकवून पाहिले, तर ते आतून कोरडे होते. रॅकच्या आतले तेल अडवणारे सील गेले असते, तर तेल तिथेच साचलेले सापडले असते. मी नळी आणि जोडाची सीलिंग वॉशर बदलली, गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच तेल भरले आणि इंजिन बंद ठेवून, पुढची चाके उचलून, स्टिअरिंग सावकाश फिरवत टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

गळती थांबवणाऱ्या द्रव्यांपेक्षा हा खर्च मला अधिक रास्त वाटतो. ती द्रव्ये कडक झालेले रबरी सील मऊ करून फुगवतात, त्यामुळे मंद झिरप काही काळ थांबू शकते. फाटलेल्या नळीवर किंवा झिजलेल्या पंपाच्या शाफ्टवर त्यांचा इलाज नाही. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर आगीचा धोका असल्याने अशी तात्पुरती सोय मुळीच करू नये.

संचातली उणीव म्हणजे टॉर्च. तिचा प्रकाश इतका क्षीण आहे की दिवसा उजेडात काहीच दिसत नाही. जास्त ताकदीची टॉर्च वेगळी घेणे बरे. दुरुस्तीनंतर रंग तेलातच राहिला तरी चालतो, पण बाहेरचे चमकणारे डाग पूर्ण पुसून काढावेत, नाहीतर पुढच्या तपासणीत जुनी गळती नवी म्हणून दिसते.