एपीआय फ्रेशवॉटर मास्टर किट: मुंबईच्या नळाच्या पाण्याला पुरतं का?

टाकीतलं पाणी नितळ असतं आणि तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पाणी तपासायचं थेंबांचं किट घरात हवंच. पाण्यात बुडवायच्या तपासणी-पट्ट्या स्वस्त पडतात, पण नेहमीच्या पाच चाचण्यांच्या पट्टीवर अमोनियाच नसतो. शिवाय मुंबईच्या दमट हवेत डबी सारखी उघडली की पट्ट्या ओल धरतात.

एपीआय कंपनीच्या या किटात सात बाटल्या, चार ट्यूब आणि एक रंगतक्ता येतो. पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी), हाय रेंज (चढा) पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासता येतात. अमोनियासाठी ट्यूब त्याच पाण्याने विसळून 5 मिलीच्या रेघेपर्यंत भरा, दोन्ही बाटल्यांचे 8-8 थेंब टाका, झाकण लावून हलवा आणि 5 मिनिटं थांबा. बाटलीचं तोंड सरळ खाली करून धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. बोटाने तोंड दाबून ट्यूब हलवू नका. नायट्राइटला 5 थेंब पुरतात. रंग दिवसाच्या उजेडात, तक्त्याच्या पांढऱ्या भागावर ट्यूब टेकवून बघा. पिवळ्या बल्बखाली 0 आणि 0.25 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) यांतला फरक कळतच नाही.

सगळ्यात जास्त चूक नायट्रेटमध्ये होते. दुसऱ्या बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो. पहिल्या बाटलीचे 10 थेंब टाकून झाल्यावर दुसरी बाटली 30 सेकंद जोरात हलवा, मग तिचे 10 थेंब टाका, ट्यूब पूर्ण एक मिनिट हलवा आणि 5 मिनिटांनी वाचा. बाटली बरेच दिवस पडून असेल तर आधी टेबलाच्या कडेवर हलके आपटून साका सुटा करा. हे केलं नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि पाणी बदलायचं राहून जातं.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका. किट एकूण अमोनिया मोजतं. विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. 28 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असताना तो जेमतेम 0.7 टक्के, तर पीएच 8 ला साडेसहा टक्क्यांच्या आसपास असतो. गच्चीवरच्या हिरव्या टाकीत शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून तिथला नमुना दुपारी उशिरा घ्यावा. तेव्हाच पीएच सर्वांत चढलेला असतो. पवई तलावासारख्या गढूळ हिरव्या पाण्याला मात्र हे किट नको, पाण्याचाच रंग तक्त्याशी भांडतो. अमोनिया 8 पीपीएमच्या वर जातोय असं वाटलं तर 1 मिली नमुन्यात 4 मिली बाटलीबंद पाणी घाला आणि आलेल्या आकड्याला 5 ने गुणा.

खरी उणीव म्हणजे केएच, अर्थात पीएच स्थिर ठेवणारी क्षारता, मोजायची सोय नाही. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, आणि फिल्टरमधले जिवाणू 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे 7 ग्रॅम क्षारता खातात. मासे जास्त, पाणीबदल कमी, की क्षारता संपते, पीएच कोसळतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. तेव्हा या किटासोबत केएचची वेगळी बाटली घ्याच: 5 मिली पाणी, निळ्याचा पिवळा व्हायला जितके थेंब लागतील तितके अंश केएच. 100 लिटरला 3 ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण 1 अंश वाढतो. अमोनिया आधीच चढलेला असेल तर मात्र पहिल्यांदा पाणी बदला, सोडा नंतर. पीएच चढला की तोच अमोनिया विष होतो.

क्लोरीनही यात मोजता येत नाही; नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालत राहायचं.

तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका, द्रव दाहक आहेत. भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. पैसे देण्याआधी बाटलीवरचा लॉट नंबर बघा, शेवटचे चार आकडे उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगतात. जुना माल कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.