फी भरण्याआधीचा फोन की नंतरचा?

ऑनलाइन पदवीच्या सल्लागाराची नोकरी नागपुरात दोन तऱ्हेची मिळते. प्रवेश विभागात दिवसभर फोन, महिन्याचं टार्गेट, वर इन्सेन्टिव्ह. मी दीड वर्ष केली. कुणी विचारायचं, नर्सिंग ऑनलाइन होतं का? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत ते बसत नाही, हे खरं सांगितलं की प्रवेश हातचा गेला. वरिष्ठ चिडायचे.

विद्यार्थी साहाय्य विभागात पगार कमी. पण मी हेच निवडलं. असाइनमेंटच्या तारखा, परीक्षेचे फॉर्म यात दिवस जातो. आणि बुटीबोरीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून रात्री साडेनऊला एखादा मुलगा विचारतो, "मॅडम, सोडून देऊ का?" मग पदवीसाठी त्याचे उरलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मी एकेक करून त्याच्यासोबत मोजते.