समुपदेशनाची पदवी की समुदाय-समुपदेशकाचे प्रशिक्षण?

वंचित वस्त्यांत मानसिक आरोग्याचे काम करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न पडला आहे. पदव्युत्तर शिक्षणाला बहुधा दोन वर्षे आणि बराच पैसा लागतो. समुदाय-समुपदेशकाचे, म्हणजे वस्तीतच लोकांचे ऐकून त्यांना आधार देणाऱ्याचे, प्रशिक्षण त्या मानाने अल्पावधीचे असते. तरीही ते काम दुय्यम मानू नये: झिम्बाब्वेतील ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमात प्रशिक्षित आजीबाई बाकावर बसून लोकांचे ऐकतात आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्या मदतीने नैराश्याची लक्षणे घटल्याचे दिसले. वस्तीचा विश्वास त्यांच्यापाशी आधीच असतो, पदवीधराला तो मिळवावा लागतो. आत्महत्येचा धोका किंवा गंभीर आघात हाताळण्यास मात्र सखोल शिक्षणच हवे, आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीशिवाय दोघांनीही काम करू नये. वस्तीत राहून लगेच आधार द्यायचा असेल तर प्रशिक्षण पुरेसे आहे. उपचार करायचे आणि इतरांना घडवायचे असेल तर पदवी घ्यावी.